हर्णै बंदरावरच्या दोन पहाटा

कार्यशाळेच्या पत्रकावर ‘बंदरावरील सूर्योदयाचे छायाचित्रण’ असे लिहिलेले होते आणि ठिकाण दापोली तालुक्यातील हर्णै बंदर होते. या दोन गोष्टी एकमेकींशी थोड्या अडतात, हे पुण्यात बसून पैसे भरताना माझ्या ध्यानात आले नाही. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे आणि सूर्य त्यात मावळतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही माझ्या डोळ्यांपुढे पाण्यातून वर येणारा तांबडा गोळा आणि त्याच्यापुढे काळ्या दिसणाऱ्या होड्या हेच चित्र होते.

शुक्रवारी कोजागरी होती. ताम्हिणी घाटातून उतरून माणगाव, मंडणगड आणि दापोली करत आम्ही बारा जण रात्री हर्णैला पोहोचलो. निवासाच्या गच्चीवर मसाला दुधाचे पेले हातात असतानाच आमच्या मार्गदर्शकांनी, ‘उद्या सूर्य कुठून येणार?’ असे विचारले. तिघांनी उत्साहाने समुद्राकडे बोट दाखवले आणि त्या तिघांत मीही होते. मग त्यांनी हसत हसत बंदरामागची टेकडी दाखवली.

त्याच रात्री त्यांनी भरतीचे गणितही शिकवले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मी पूर्वी किल्ले पाहायला जाणाऱ्यांकडून ऐकला होता, पण कधी वापरला नव्हता. शनिवारी वद्य प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, सातच्या सुमारास, ओहोटी तळाला जाणार. रविवारी द्वितीया, म्हणजे हे सगळे पाऊण तास पुढे सरकणार. दोन्ही दिवशी सूर्योदय साडेसहानंतर लगेचच असल्याने किनाऱ्यालगतच्या होड्या त्या वेळी पाण्यावर नसून ओल्या वाळूत कलून बसलेल्या असतील, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो दोन्ही दिवशी बरोबर ठरला.

पहिल्या पहाटे माझी फजिती कॅमेरा बाहेर काढताक्षणीच झाली. रात्रभर खोलीतला एसी चालू होता आणि कॅमेरा त्याच्या थेट झोतात टेबलावर पडला होता. ऑक्टोबरातल्या दमट हवेत तो आणला तशी भिंगावर वाफ धरली, आणि पुसली की पुन्हा धरली. हवेपेक्षा गार असलेल्या काचेवर बाष्प जमणारच. काच बाहेरच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत थांबण्यावाचून उपाय नसतो. त्यात माझी पंचवीस मिनिटे गेली, आणि ही पंचवीस मिनिटे साधी नव्हती. आपल्याकडे संधिप्रकाश फार लांबत नाही. क्षितिजाच्या कडेला उजेड फुटण्यापासून सूर्योदयापर्यंतचा सर्वांत उपयोगी काळ जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा असतो, आणि त्याच्या आधीचा निळा प्रकाश तर बघता बघता विरतो. दुसऱ्या रात्री मी कॅमेरा पिशवीत बंद करून व्हरांड्यात ठेवला.

आम्ही कनकदुर्गावर उभे होतो. सुवर्णदुर्गाच्या राखणीसाठी किनाऱ्यावर बांधलेल्या किल्ल्यांपैकी हा एक; आता तेथे दीपगृह आहे. वरून एका बाजूला बंदर आणि गाव दिसते, दुसऱ्या बाजूला समुद्रात सुवर्णदुर्ग. काच निवळल्यावर मी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १००, छिद्रमान (भिंगाचे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) ११ आणि वीस सेकंद अशी पुस्तकात वाचलेली जुळणी लावून गावाच्या दिशेने चित्रे घेतली. पडद्यावर ती सुरेख दिसली. मोठी करून पाहिली तेव्हा वाळूवर टेकलेल्या होड्या रेखीव होत्या आणि थोड्या खोल पाण्यात नांगरलेल्या होड्यांचा मात्र लगदा झाला होता, कारण वीस सेकंदांत संथ पाणीसुद्धा होडीला तीन-चार वेळा झुलवते. ट्रायपॉड कॅमेऱ्याला स्थिर धरतो, होडीला नाही. इतकी साधी गोष्ट मला त्या लगद्यावरून कळली. मार्गदर्शकांनी आयएसओ १६०० आणि छिद्रमान ४ करायला सांगितले. दोन्ही बदल मिळून सात पायऱ्यांचा फरक पडतो, प्रत्येक पायरी म्हणजे दुप्पट, आणि वीस सेकंदांचे काम सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात होते. चित्रात थोडे दाणे आले, पण होडीला होडीचा आकार आला.

सूर्य टेकडीमागून वर आला तो पंचांगातल्या वेळेच्या दहा-बारा मिनिटे उशिराने, आणि आला तोच डोळे दिपवत. आकाशाप्रमाणे प्रकाशमापन केले की होड्या काळ्या पडत, होड्यांप्रमाणे केले की आकाश पांढरेफटक होई. तीन वेगवेगळ्या प्रकाशमानांत, म्हणजे कमी-अधिक प्रकाश आत घेऊन, तेच चित्र टिपून नंतर एकत्र करता येते, हे आम्हाला दाखवण्यात आले. मी ते केलेही, पण तशा चित्रांत मला दिव्याखाली मांडलेल्या दुकानाची कळा दिसते आणि हे मत मी अजून बदललेले नाही.

दुपारच्या आढाव्यात बाराही जणांची चित्रे भिंतीवर पाहिली. बहुतेकांनी सूर्याचाच पाठलाग केला होता. एका तरुणाने मात्र कंटाळून पाठ फिरवली होती आणि त्याच्या चित्रात मावळतीकडचे आकाश खाली निळसर-करडे आणि त्यावर गुलाबी पट्टा असे होते; तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली. मी त्याच वेळी, त्याच्यापासून दहा पावलांवर, नेमकी उलट दिशेला बघत होते.

संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहायला गेलो. होड्यांतून उतरवलेला माल पाण्यात शिरलेल्या बैलगाड्यांतून काठावर येत होता आणि सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी यांचे वाटे वाळूवर मांडले जात होते. एका मावशींसमोर मी न विचारता कॅमेरा उचलला. त्यांनी पदर सावरला नाही की तोंड फिरवले नाही, फक्त म्हणाल्या, “फोटो काढ गो, पण आधी वाटेतून बाजूला हो, माझं गिऱ्हाईक पाठी अडकलंय.” त्यानंतर मी कॅमेरा खाली ठेवून अर्धा तास नुसती बसले. गाड्या कुठून वळतात, टोपल्या कोणत्या बाजूने जातात आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, कुठे उभा राहून हिशेब करतो, हे त्या अर्ध्या तासात कळले.

रविवारी मी कनकदुर्गावर गेले नाही. पावणेसहाला वाळूवर उतरून टेकडीकडे पाठ केली. ट्रायपॉडचे पाय ओल्या वाळूत रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली फरशीचे तुकडे ठेवले, कारण तो सावकाश खचत असला तर डोळ्यांना कळत नाही, चित्राला कळते. समोर सुवर्णदुर्ग होता आणि त्याच्या डावीकडे द्वितीयेचा चंद्र उतरत होता. माझ्या १८–५५ भिंगात तो टाचणीच्या टोकाएवढा दिसला असता, म्हणून एका सहकाऱ्याचे दूरचे मोठे दाखवणारे ७०–३०० भिंग मागून घेतले. सव्वासहाला चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येत होता, त्यावरचे डाग दिसत नव्हते, कारण किनारा अजून अंधारा होता. सूर्योदयाच्या आसपास दोन्हींचा प्रकाश इतका जवळ आला की एकाच प्रकाशमानात चंद्राचे डाग आणि तटाचे दगड उमटले. ही जुळणी फार तर दहा मिनिटे टिकली.

मग टेकडीवरून ऊन आले आणि अगदी आधी किल्ल्याच्या तटावर पडले. तेथून ते नांगरलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर उतरले, आणि सर्वांत शेवटी टेकडीच्या सावलीतल्या आमच्या वाळूवर. वाळूवर ते पोहोचले तेव्हा माझी स्वतःची लांबलचक सावली चित्रात शिरली. तिला चुकवायला बरीच कसरत केली. अखेर कललेल्या एका होडीच्या सावलीत उभी राहिले आणि दोन्ही सावल्यांची एक झाली. त्या जागेवरून, तेच भिंग मागे ७० वर आणून, मला हवी होती ती चौकट मिळाली: पुढे त्याच होडीची रंगवलेली नाळ (पुढचे टोक), मध्ये डबक्यात पडलेले आकाश, मागे उजळलेला तट. होडीचा मागचा अर्धा भाग मी मुद्दाम कापला, कारण त्याने चौकट जड होत होती.

ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन आम्ही दुपारी निघालो. दोन दिवसांत चारशेच्या वर चित्रे झाली होती. त्यांतली सहा ठेवली. निघण्यापूर्वी त्या होडीच्या तांडेलाला, वयाने माझ्या वडिलांएवढ्या काकांना, मी पडद्यावर ते चित्र दाखवले. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिले, तट ओळखला, डबकेही ओळखले आणि विचारले, “बाय, बरा आहे, पण माझी होडी अर्धीच का घेतलीस? नंबर तर पाठी आहे.” मी लगेच मागे सरून पूर्ण होडीचे, नंबर वाचता येईल असे एक चित्र काढले, आणि छापून पाठवले ते हेच.