चिमणी घेण्याआधी पाइपाची वाट ठरवावी

दुकानात स्वयंपाकघरातील चिमणीची चौकशी केली की विक्रेता सर्वप्रथम सक्शनचा आकडा सांगतो. तासाला १,००० घनमीटर, १,२०० घनमीटर, १,५०० घनमीटर, आणि आकड्यासोबत किंमतही चढत जाते. गोरेगावच्या आमच्या घरासाठी चिमणी पाहताना मी हा आकडा सुरुवातीला बाजूला ठेवला, कारण मुंबईच्या फ्लॅटमध्ये चिमणी उपयोगी पडेल की नाही, हे तिच्या मोटरपेक्षा दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते: शेगडीवरून उठणारा धूर हुडाच्या, म्हणजे शेगडीवर टांगलेल्या चिमणीच्या छत्रीसारख्या भागाच्या, पोटात शिरतो का, आणि शिरलेला धूर कोणत्या वाटेने घराबाहेर पडतो.

आमचे स्वयंपाकघर १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे, म्हणजे ६३० घनफूट किंवा सुमारे १८ घनमीटर. तेथील हवा तासाला १० ते १५ वेळा बदलावी, हा प्रचलित ठोकताळा धरला तर २७० घनमीटरच्या पुढे जाण्याचे कारण दिसत नाही. तरीही १,२००चा आकडा अगदीच निरर्थक नाही. तो कमाल वेगाचा असतो, आणि लांब पाइप, वळणे व तेलकट झालेला फिल्टर यांचा अडथळा आला की प्रत्यक्षातील प्रवाह बराच खाली येतो. शिवाय खोलीभर पसरलेला धूर बाहेर काढणे आणि तो पसरण्याआधीच वरच्या वर धरणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम मुख्यतः हुडाच्या आकारावर चालते, आणि त्याबद्दल दुकानात फारसे कोणी बोलत नाही.

हुड शेगडीपेक्षा कमी रुंद असू नये, शक्य असल्यास दोन्ही बाजूंनी थोडा जास्तच असावा. दोन बर्नरच्या शेगडीवर ६० सेंटीमीटरचा हुड चालून जातो. तीन-चार बर्नरच्या शेगडीसाठी मात्र ९० सेंटीमीटरचा विचार करावा, आणि भिंतीवरील कपाटांमुळे तेवढी जागा मिळत नसेल तर ७५चा. सध्या सर्वाधिक दिसणाऱ्या वक्र काचेच्या चिमण्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्यांची रुंदी ९० सेंटीमीटर लिहिलेली असली तरी तिचा मोठा भाग नुसत्या काचेच्या पंखांचा असतो, आणि काचेवर आदळलेला धूर कडेने निसटून छताकडे जातो. त्यापेक्षा पेटीसारखा किंवा पिरॅमिडच्या आकाराचा, खालून पोकळ असलेला हुड बरा. बोंबील तळताना एकदम उसळणारा धूर त्याच्या पोकळीत क्षणभर थांबतो आणि मोटरला तो खेचायला अवधी मिळतो. पुढच्या बर्नरचा धूर मागच्यापेक्षा जास्त निसटतो, म्हणून हुडाची खोलीही मोजावी आणि तळण शक्यतो मागच्या बर्नरवर करावे.

उंचीच्या बाबतीत आमच्या घरात एकमत होईना. शेगडी आणि हुड यांत साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर अंतर ठेवण्याची सूचना बहुतेक पुस्तिकांत असते. त्याहून खाली आणल्यास फिल्टरमधील तेल ज्वाळेच्या फार जवळ येते, आणि वर नेल्यास धूर हुडापर्यंत पोहोचण्याआधीच फाकतो. ८५ सेंटीमीटरचा ओटा, त्यावर १० सेंटीमीटरची शेगडी आणि पुढे ७० सेंटीमीटर अंतर धरले, तर हुडाची कड जमिनीपासून १६५ सेंटीमीटरवर येते. सासूबाईंना त्याचा काहीच त्रास नव्हता, पण माझ्या नवऱ्याचे कपाळ नेमके त्या रेषेत येत होते. तिरक्या चिमणीने तो प्रश्न सुटतो. मात्र तिच्यात धूर थांबण्याजोगी पोकळी नसते, म्हणून आम्ही ती घेतली नाही.

आता पाइपाविषयी. मुंबईतील जुन्या इमारतींत ओट्यामागची भिंत बाहेरची असेलच असे नाही, आणि असली तरी तिच्यात बीम किंवा कॉलम असू शकतो. त्याला भोक पाडणे हा विषयच नसतो. साध्या भिंतीसाठीसुद्धा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील उभ्या मोकळ्या पोकळीत, तोंड काढण्याची सोपी वाट मिस्त्री हमखास सुचवतात, पण त्याच डक्टमध्ये वरच्या-खालच्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडत असतील तर आपल्या सुरमईचा वास त्यांच्या घरी पोहोचतो. आम्ही खिडकीची वरची काच काढून तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि त्याला गोल भोक पाडून पाइप बाहेर काढला. भिंत अबाधित राहिली आणि घर सोडताना काच पुन्हा बसवता येईल.

“ताई, चार इंची पाइप घ्या, कपाटात दिसणारही नाही,” असे मिस्त्री म्हणाले. “दादा, यंत्राचे तोंड सहा इंची आहे, पाइपही सहाचाच लावा,” असे मी त्यांना सांगितले. व्यास सहावरून चारवर आणला की हवेला मिळणारी जागा निम्म्याहूनही कमी, सुमारे ४४ टक्के उरते. सक्शन घटते आणि आवाज वाढतो. वळणे शक्य तितकी कमी व गोलाईदार असावीत, आणि घडीचा लवचीक पाइप वापरायचाच असेल तर तो पूर्ण ताणून लावावा, कारण त्याच्या सुरकुत्यांत तेल साचते. बाहेरच्या टोकाकडे किंचित उतार, वर पावसाची टोपी आणि जाळी हवीच. जाळी नसेल तर कबुतरे तेथे संसार थाटतात, आणि टोपी नसेल तर जुलैतील झोताचा पाऊस पाइपातून थेट मोटरवर येतो.

पाइप नको म्हणून कोळशाच्या फिल्टरची, हवा घरातच फिरवणारी चिमणी घेणाऱ्यांना मी सावध करेन. ती तेल आणि काही प्रमाणात वास अडवते, पण वाफ, उष्णता आणि गॅसच्या ज्वाळेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच राहतो, आणि कोळसा काही महिन्यांनी बदलावा लागतो. पाइपाला खरोखरच वाट नसेल तर खिडकीतला चांगला एक्झॉस्ट फॅन मला अधिक पसंत आहे.

चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी कोठून तरी आत यावी लागते, म्हणून दुसऱ्या खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवावी. घरात गॅस गिझर असेल तर ही केवळ सोयीची बाब राहत नाही. सर्व खिडक्या बंद करून चिमणी पूर्ण वेगाने चालवली तर गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात खेचला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो.

आवाजाची तक्रार सासूबाईंनी आधीच नोंदवली होती. मोहरी तडतडलेली कानांनी कळावी लागते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटते. त्यामुळे कमाल वेगाचा आवाज विचारण्याऐवजी मी दुकानात चिमणी मधल्या वेगावर चालू करून घेतली आणि शेजारी उभे राहून साधे बोलून पाहिले. रोजचा स्वयंपाक मधल्या वेगावरच होतो. मोठा वेग मिरच्यांच्या फोडणीसाठी आणि मासे तळण्यासाठी ठेवला आहे.

फिल्टर स्टीलचा, पन्हाळ्यांच्या रचनेचा, म्हणजे बॅफल फिल्टर घेतला. बारीक जाळी आमच्या तेलाने आणि मसाल्याने लवकर तुंबते. ऑटो क्लीनची सोय आतील पंख्यासाठी उपयोगी असली तरी हळद-तिखटाने घट्ट झालेला थर ती पूर्ण काढते असे मला वाटत नाही. स्टीलचे फिल्टर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवले की निघतात. ॲल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा टाळावा, ती काळी पडते. किमतीच्या अंदाजपत्रकात पाइप, टोपी, जाळी आणि पत्र्याचे काम सहसा धरलेले नसते, तेव्हा पैसे देण्याआधी ते वेगळे लिहून घ्यावे.