गेट नसलेली रेल्वे

पुण्यात कसबा पेठेत आत्याकडे गेलो होतो. दुपारचे जेवण झाल्यावर सतरंजीवर आडवा झालो आणि सहज फरशीला कान लावला. या भागाच्या पोटातून मेट्रो धावते असे ऐकून होतो, पण पंख्याची कुरकुर आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांखेरीज काहीही कानी आले नाही. “कुणी सांगितलं म्हणून कळायचं रे, खाली रेल्वे आहे ते,” असे म्हणून आत्याने कूस बदलली.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. बेळगावच्या बसमधून स्वारगेटला उतरलेली आमची मंडळी आता रिक्षावाल्याशी हुज्जत न घालता सरकत्या जिन्याने खाली जातात आणि मंडई ओलांडून कसब्यात वर येतात. बोगदा मुठेच्या पात्राखालून गेला आहे, जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे. हे सारे थक्क करणारेच. तरीही रेल्वेने वस्तीत राहावे आणि कुणाला ओळखही देऊ नये, हे बेळगावच्या टिळकवाडीत वाढलेल्या मला शेजारधर्माला सोडून वाटते.

आमच्याकडे पत्तादेखील रेल्वेच्या हिशेबाने सांगतात: पहिले गेट, दुसरे गेट, तिसरे गेट. माझ्या लहानपणी मीटरगेज, म्हणजे कमी रुंदीच्या रुळांची लाइन होती; मिरजेपुढे रूळ रुंद, म्हणून पुण्याला जायचे तर मिरजेला सगळा बाडबिस्तरा उतरवून गाडी बदलावी लागे. शाळेच्या वाटेवर गेट हमखास पडायचे. घंटा वाजू लागली की गेटमन चाक फिरवायचा आणि लाल तबकडीचा आडवा दांडा हिसके खात खाली यायचा. मान वाकवून सायकल दामटणारे एक-दोघे असतच. त्यांना तो एक शिवी मराठीत आणि दुसरी कन्नडमध्ये हासडायचा. मग गाडी जाईपर्यंत कुणालाच काही करता येत नसे. अनगोळची भाजीवाली डोक्यावरची बुट्टी उतरवून पदराने मान पुसायची, तेवढ्यात कुणीतरी तिच्याकडून कोथिंबिरीची जुडी घ्यायचे, आणि एरवी एकमेकांना टाळणारे भाऊबंदही शेजारी शेजारी उभे असल्यामुळे नाइलाजाने पावसापाण्याचे बोलायचे. माझ्या चुलत बहिणीच्या सोयरिकीची पहिली बोलणी पहिल्या गेटावर, मालगाडीच्या कृपेने झाली. मालगाडीचे डबे मोजायचे काम अर्थातच आम्हा पोरांचे.

‘गेट पडलं होतं’ एवढे म्हटले की मास्तर वर्गात घ्यायचे, कारण आदल्या दिवशी त्यांनाही त्याच कारणाने उशीर झालेला असे. भुयारी रेल्वेच्या माथ्यावर राहणाऱ्या मुलांना असे बिनतोड कारण कुठून मिळणार?

आता कपिलेश्वराजवळ, गोगटे सर्कलला, तिसऱ्या गेटावर पूल झाले. पुलावर कुणी कुणाशी बोलत नाही, अशी तक्रार मी पुष्कळ वर्षे चवीने केली. पुढे एकदा बंद गेटासमोर रुग्णवाहिका अडकलेली पाहिली. आतल्या बाईने काच खाली करून “अजून किती वेळ?” असे विचारले आणि तिला उत्तर देण्यासारखे आमच्यापैकी कुणाकडेच काही नव्हते. त्यानंतर पुलाच्या मागणीचे निवेदन गल्लीत फिरले, तेव्हा मी सही केली.