शाळा सोडल्याचं कारण : लग्न

आमच्या शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरची पानं आता इतकी ठिसूळ झालीत की उलटताना खालून तळहात द्यावा लागतो. दर ओळीत नाव, जन्मतारीख, कोणत्या वर्गात दाखल, कधी नाव कमी केलं, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण. निळी शाई पिवळ्या कागदात मुरून गेली आहे. गेली चार वर्षं शनिवारची शाळा सुटली की मी हे रजिस्टर घेऊन बसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली आमची अनुदानित शाळा. मी मराठी शिकवते आणि माजी विद्यार्थ्यांचं काम बघते.

पहिला मेळावा आम्ही २०१९ साली घेतला, २६ जानेवारीला. यादी केली ती दहावी पास झालेल्यांची. मंडप टाकला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नव्वदेक लोक आले, त्यात बाया फक्त सहा. वर्गणीही जमली. पण पावत्या सगळ्यांना गेल्या नाहीत आणि वर्षभर कोणाला काही कळवलंही नाही. पुढच्या वर्षी मी पुण्यातल्या एका मुलाला फोन केला. त्यानं शांतपणे विचारलं, ‘मॅडम, मागचे पैसे कुठं लागले?’ पैसे लागले होते, प्रयोगशाळेच्या छतावरचे टिनपत्रे बदलले होते. पण मी त्याला ते पैसे मागायच्या वेळेस सांगत होते, आणि तो वर्षभर वाट बघत होता. ती गोष्ट मला फार लागली.

त्या सहा बायांची गोष्टही तशीच लागून राहिली. वर्गात मुली निम्म्या असतात, मग मेळाव्यात सहाच कशा? मुलगा शोधायचा तर सोपं. तो गावात नसला तरी त्याचा बाप, काका, शेत, कोणीतरी गावात असतं. आडनाव तेच राहतं. मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, बापाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आमच्याकडे कधी कधी तिचं स्वतःचं नावही बदलतात. फेसबुकवर माहेरच्या नावानं शोधलं तर ती सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या बॅचच्या ग्रुपमध्ये चाळीस पोरं असतात आणि तीन मुली.

आम्ही मग भावांना धरलं. गावात भाऊ असतोच. त्याला विचारायचं, ‘ताई कोणत्या गावाला दिली? तिचा नंबर आहे का?’ आणि मेळाव्याची तारीखच बदलली. २६ जानेवारीला कोणती बाई घरचं सोडून येईल? दिवाळीला ती माहेरी येतेच. म्हणून आता आमचा मेळावा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असतो. पहिल्याच वर्षी एकशे दहा बाया आल्या. कोणी आर्णीहून, कोणी मंगरुळपीरहून, एक तर थेट सुरतेहून. कडेवर नातवंडं होती. त्यातल्या जुन्या बाया शकुंतला रेल्वेच्या गोष्टी सांगत बसल्या. मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी गाडी आता बंद आहे, पण त्यांच्या शाळेच्या दिवसांत ती दारव्ह्यावरून जायची आणि गाडीच्या शिट्टीवर घरी जायची वेळ कळायची.

ही तारीख वर्गणीसाठीही बरी निघाली. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याकडे शब्दही काढू नये. तेव्हा घरातलं होतं-नव्हतं बियाण्यात, खतात गेलेलं असतं. दिवाळीपर्यंत सोयाबीन घरी आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी झालेली असते. एका वर्षी अतिवृष्टीनं सोयाबीन शेतातच सडलं. त्या वर्षी आम्ही वर्गणीचं नावही घेतलं नाही. गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आणि सगळे जेवून गेले. रोडगे भाजायला १९८८ च्या बॅचचे शेतकरी पहाटेपासून बसले होते. त्यांच्यातल्या एकानंही आजवर पाचशे रुपये एकरकमी दिलेले नाहीत, आणि मी त्यांना आमचे सगळ्यात मोठे दाते समजते.

पैशाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या शाळांतले शिक्षक मला हेच विचारतात.

एक तर ‘डोनेशन’ हा शब्द आमच्याकडे बदनाम आहे. प्रवेशासाठी पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फीच्या कायद्यानं बंद आहे, तरी त्या शब्दाला तोच वास येतो. म्हणून आम्ही वर्गणी म्हणतो, आणि सध्या शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडे ती मागत नाही. जो शिकून गेला त्यालाच विचारायचं. सगळ्यांना पावती, अकरा रुपयांचीसुद्धा. नोकरीवाल्यांना दिलेल्या रकमेवर आयकरात सवलत हवी असते, तिला ते ८०जी म्हणतात. ती मिळायला संस्थेची आयकर खात्याकडे तशी नोंदणी लागते आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्यायची, पॅन नंबर तेव्हाच लिहून घ्यायचा. मार्चअखेरीला धावाधाव केली की माणूस वैतागतो.

परदेशातल्या मुलांचं आणखी वेगळं आहे. आमचा एक विद्यार्थी अमेरिकेत आहे, त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं. त्याला अभ्यासिकेसाठी चांगली मोठी रक्कम द्यायची होती. पण पासपोर्ट परदेशी असला की तो पैसा परकीय योगदान धरला जातो. त्यासाठी २०१० च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आमच्या संस्थेची ती नोंदणी नाही. दुबईत असलेल्या दुसऱ्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यानं आपल्या कमाईतून साध्या बँक खात्यातून पाठवलेले पैसे चालले. अमेरिकेतल्याला मी स्पष्ट सांगितलं की तुझे पैसे आम्हाला घेता येत नाहीत. त्याला वाईट वाटलं, मलाही. आता तो दर रविवारी सकाळी नववी-दहावीच्या मुलींना व्हिडिओवर गणित शिकवतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. एकदाही चुकला नाही.

कॉलेजांत नॅकचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या परिषदेचं, मूल्यांकन असतं, त्यात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग बघितला जातो, म्हणून तिथं संघ नोंदवले जातात. शाळांना नॅक नसतं. पण विदर्भातल्या शाळा लोकांनीच उभ्या केल्या आहेत हे विसरून कसं चालेल? भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली ती बहुजनांच्या पोरांसाठी. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायणांनी मृत्युपत्रानं आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. आणि आमच्या शाळेच्या कपाटात बांधकामाच्या वेळची वर्गणीची वही आहे. तिच्यात रुपयांच्या ओळी थोड्या. बाकी सगळं असं : दोन मण ज्वारी, पाच बंड्या मुरूम, एका सागाच्या झाडाचं लाकूड, आठ दिवसांची बिगारी. प्रत्येकापुढे नाव आहे. आठ दिवस मजुरी देणाऱ्याचं नाव त्याच अक्षरात, त्याच शाईत लिहिलेलं आहे. मी नव्या पावतीपुस्तकात ‘वस्तू / श्रम’ असा रकाना छापून घेतला तो ही वही बघूनच.

कळवायचं कामही बदललं. आता जून महिन्यात प्रत्येक देणाऱ्याला पोस्टकार्ड जातं. सातवीची मुलं लिहितात, पन्नास पैशांचं कार्ड. पैसे कशाला लागले ते एक-दोन ओळींत, आणि बाकी मुलाच्या मनातलं. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘तुम्ही दिलेल्या पंख्याखाली माझा बाक आहे. तो चालू केला की टक टक वाजतो पण हवा चांगली येते.’ ते कार्ड मिळाल्यावर नागपूरहून एकाचा फोन आला, पंख्याचं बेअरिंग बदलून घ्या म्हणून. वर्गणीबद्दल मी अवाक्षरही काढलं नव्हतं.

आता त्या शेवटच्या रकान्याबद्दल. यादी दहावी पासच्या रजिस्टरवरून करायची की दाखल-खारीजवरून, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. मी दाखल-खारीजचा हट्ट धरला. जो एक वर्ष जरी आमच्या वर्गात बसला तो आमचा विद्यार्थी. त्या रकान्यात ‘उत्तीर्ण’च्या अधेमधे दिसतं : मजुरी. गाव सोडले. पालकांनी काढले. आणि मुलींच्या नावांपुढे ओळीनं, लग्न.

अशाच एका ओळीतल्या बाईचा नंबर तिच्या भावाकडून मिळाला. फोन केला तर म्हणाली, ‘म्या तं नववीतच शाळा सोडली मॅडम. मले कायले बोलावता? म्या कुठं पास झाली?’ मी म्हटलं, तुमचं नाव आमच्या रजिस्टरात आहे. पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाली, ‘अजून हाये?’

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती आली, सोबत दहावीतली नात. जेवणं झाल्यावर ऑफिसात आली आणि रजिस्टर दाखवा म्हणाली. मी पान काढून दिलं. तिनं बोट ओळीवर ठेवलं, पहिल्या रकान्यापासून सरकवत शेवटच्या रकान्यापर्यंत नेलं आणि तिथं थांबली. नातीनं मोठ्यानं वाचलं. ती काही बोलली नाही. पदराच्या गाठीतून दोनशे रुपये काढून टेबलावर ठेवले.

‘पावती फाडता ना?’

‘हो, फाडते ना. काय नाव लिहू?’

तिनं पुन्हा रजिस्टरवर बोट ठेवलं. ‘हे.’

मी रजिस्टरातलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. तिनं ती पावती नातीकडे दिली नाही. चारघडी करून पदराच्या त्याच गाठीत बांधली.