सकाळी न्हाऊनही संध्याकाळी परत येणारा वास

आधी वासाबद्दल सांगते. ज्यांना हा त्रास आहे त्यांना तो वर्णनावरूनच ओळखू येईल. हा घामाचा वास नव्हता. घाम आंबूस असतो आणि अंघोळ केली की जातो. माझ्या डोक्याला येत होता तो खवट वास. बरणीच्या तळाशी राहिलेलं जुनं तेल आणि पावसाळ्यात न वाळलेलं पायपुसणं, दोन्ही एकत्र केल्यासारखा. सकाळी न्हायलं की दुपारपर्यंत शाम्पूचा सुवास राहायचा. तीन-साडेतीनला मानेवरच्या केसांत बोट घासून नाकाशी नेलं की पुन्हा तोच वास. असे चौदा महिने गेले.

मला ते सांगितलं माझ्या मुलीने. तेव्हा ती सात वर्षांची होती. रोज माझ्या कुशीत शिरून झोपणारी पोर तिकडे तोंड करून झोपायला लागली. का गं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आई, तुझ्या डोक्याला वास येतो." तिच्या मनात काही नव्हतं, खरं ते बोलली. मी मात्र रात्रभर जागी होते. मी अस्वच्छ बाई नाही, एवढंच स्वतःला सांगत होते.

मग माझं वागणं बदललं. भांडुपहून सकाळची स्लो लोकल पकडते मी. लेडीज डब्यात त्या वेळेला एकीचे केस दुसरीच्या नाकाशी असतात. मी दारापाशी वाऱ्याला उभी राहू लागले. नेहमीच्या ग्रुपमधल्या बायका जागा धरून हाक मारायच्या, तरी आत जात नसे. डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळून घ्यायची. ऑफिसात एसीखालची खुर्ची सोडली, कारण माझ्याकडून वारा पुढच्या टेबलाकडे जायचा. कुणी सहज नाकाला हात लावला तरी माझ्या पोटात गोळा येई.

उपाय किती केले! लिंबाचा रस चोळला, तर डोकं नुसतं झोंबलं आणि खाजवून ओरखडे उठले. आंबट ताक, मेथी, कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, शिकेकाई-रिठा, मुलतानी माती, खोबरेल तेलात कापूर. कापराने दोन तास बरं वाटायचं, तेवढंच. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी बदललंय, मे महिन्यात टँकर आले ना, तेव्हापासून. मला ते इतकं पटलं की वीस लिटरचे पाण्याचे जार मागवून तीन आठवडे त्या पाण्याने न्हायले. काही फरक पडला नाही. मग रोज शाम्पू सुरू केला. केस भुशासारखे कोरडे झाले, वास तसाच.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. "हे लावा, फंगस असेल तर जाईल." आठ दिवसांत खाज थांबली, वासही कमी झाला. मला वाटलं, सुटलो. ट्यूब संपल्यावर दहा दिवसांत सगळं परतलं, खाज तर आधीपेक्षा जास्त. पुढे डॉक्टरांना ती रिकामी ट्यूब दाखवली तेव्हा कळलं की त्यात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज तात्पुरती दबते. ते मनाने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते आणि बंद केल्यावर त्रास उसळून येतो. अशा मिश्र ट्यूब आपल्याकडे भाजी घ्यावी तितक्या सहज मिळतात. ही एक गोष्ट कळवळून सांगते, त्या घेऊ नका.

पण सगळ्यात मोठी चूक तेलाची होती, आणि ती आम्ही प्रेमाने करत होतो. माझ्या भांगात बारीक पिवळट खपल्या दिसायच्या. सासूबाई म्हणायच्या, "डोकं कोरडं पडलंय तुझं, तेल कमी पडतं." दर शनिवारी रात्री वाटीभर कोमट खोबरेल तेल घेऊन त्या माझ्या मागे बसायच्या आणि टाळूत जिरेपर्यंत चोळायच्या. दिवसभराचा शिणवटा त्यांच्या बोटांनी उतरायचा. तेल रात्रभर ठेवायचं, रविवारी न्हायचं. सोमवार-मंगळवारी वास सर्वांत वाईट का असतो, हे कोडं मला वर्षभर सुटलं नाही, कारण तेलावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही.

शेवटी नवऱ्याने एक साधी गोष्ट सुचवली. नेमका वास कुठून येतो ते तरी बघू. संध्याकाळी घरी आल्यावर कापसाचे चार बोळे घेतले. एक माथ्यावर, एक कानामागे, एक मानेवर केस सुरू होतात तिथे चोळला आणि चौथा वेणीच्या टोकाला. चारही वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आणि कुठला कुठला ते न सांगता त्याला वास घ्यायला दिले. टोकाचा बोळा जवळपास बिनवासाचा. मानेचा आणि माथ्याचा उग्र. कानामागचा त्याहून उग्र. म्हणजे चौदा महिने मी केस धूत होते आणि दुखणं होतं कातडीत. हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा मला लाज वाटायची थांबली. कातडीचं दुखणं असेल तर त्याला डॉक्टर असतो.

पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकून परळला उतरले आणि केईएमच्या त्वचारोग ओपीडीत गेले. केस पेपर, रांग, माझा नंबर यायला दुपार झाली. डॉक्टर तरुण मुलगी होती. "वास येतो" हे शब्द तोंडातून निघेनात, म्हणून मी खाजेपासून सुरुवात केली. तिने स्वतःच विचारलं, "वासही येतो का? संध्याकाळी जास्त?" माझे डोळे भरून आले. कुणीतरी न हसता, नाक न मुरडता विचारत होतं.

तिने भांग पाडून उजेडात डोकं बघितलं. मग नाकाच्या कडा, भुवया, कानामागची घडी बघितली. तिथेही तशाच तेलकट खपल्या होत्या. त्या मी कधी डोक्याच्या त्रासाशी जोडल्याच नव्हत्या. गजकर्ण नाही ना, याची खात्री करायला खपली खरवडून काचेवर घेतली. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सोरायसिसची खपली जाड, चंदेरी आणि कोरडी असते, तशी माझी नव्हती. निदान निघालं सेबोऱ्हिक डर्मटायटिस. कोंड्याचाच थोरला भाऊ म्हणा.

तिने समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. प्रत्येकाच्या टाळूवर मॅलासेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी राहते. तुमच्या, माझ्या, रोज न्हाणाऱ्यांच्याही. ती कुणाकडून लागलेली नसते आणि अस्वच्छतेने येत नाही. तिला जगायला स्निग्ध पदार्थ लागतो, म्हणून जिथे त्वचेतून तेल जास्त पाझरतं तिथे ती वाढते: टाळू, नाकाच्या कडा, भुवया, कानामागे. ती आणि टाळूवरचे जिवाणू हे तेल फोडतात, त्यातून मेदाम्लं सुटतात. काही जणांच्या त्वचेला ती सोसत नाहीत, त्वचा लाल होते, खपल्या धरते. आणि तेल असं फुटत गेलं की खवट वास येतो. वरून आणखी तेल जिरवणं म्हणजे तिला जेवण वाढणं. खपल्या दिसतात म्हणून डोकं कोरडं, हा आमचा समज पूर्ण उलटा होता.

मग तिने माझा दिवस विचारला. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं. तेव्हाच न्हायचं, ओल्या केसांचा आंबाडा घालायचा, वर क्लचर, वर ओढणी, आणि आठच्या आत गाडी. जेवणाच्या सुट्टीत आंबाडा सोडला तर आतून केस ओलेच असायचे. मुंबईच्या दमट हवेत, तेही बांधून ठेवलेले, वाळणार कधी? ऊब आणि ओल दोन्ही मी दिवसभर डोक्यावर बांधून फिरत होते. वास लपवायला घेतलेल्या ओढणीने तो वाढवला होता.

औषध साधं होतं. 2 टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. खपल्या लाल होत्या तिथे लावायला एक सौम्य लोशन, मोजून सात दिवस. शाम्पू कसा लावायचा हे तिने हाताने करून दाखवलं, आणि खरी मेख तिथेच होती. तोवर मी शाम्पू केसांवर ओतून फेस काढायचे आणि लगेच धुवायचे. माझ्या दाट केसांत तो टाळूपर्यंत पोहोचतच नसावा. आता केस चार भागांत वाटून, बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, औषध कातडीला लावते. कानामागे आणि मानेवर आवर्जून. मग घड्याळ लावून पाच मिनिटं थांबते. त्या पाच मिनिटांनीच काम होतं. त्याआधी तेल असेल तर साध्या शाम्पूने ते काढून घ्यावं लागतं.

न्हाण्याची वेळही बदलली. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी भरून ठेवलेल्या पाण्याने न्हायचं, पंख्याखाली बसून मुळं बोटांनी मोकळी करत वाळवायची आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच झोपायचं. उशीचे अभ्रे दर तीन दिवसांनी गरम पाण्यात. कंगवे, फणी, कापडी रबरं धुतली. जुनी ओढणी तर दोनदा धुऊनही वास सोडेना, ती फेकली.

पहिल्या आठवड्यात खाज गेली, वास होता. दुसऱ्यात मी निराश झाले. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑफिसात सवयीने मानेवर बोट घासून हुंगलं, तर नुसत्या त्वचेचा वास. खात्री होईना म्हणून पाच वेळा हुंगलं. घरी येऊन बोळ्यांचा प्रयोग पुन्हा केला. नवऱ्याने चारही डब्या हुंगून विचारलं, "ह्यातली डोक्याची कुठली?"

गौरी-गणपतीत मात्र परत घसरले. आठ-दहा दिवस जागरणं, दगदग, केसांत गजरे, सणाचं न्हाणं म्हणून भरपूर तेल आणि शाम्पूला सुट्टी. अनंत चतुर्दशीपर्यंत कानामागे खपली आणि तो वास. पुन्हा परळ गाठलं. डॉक्टर म्हणाली, हे कायमचं जात नाही, येतं-जातं. ताण, अपुरी झोप, थंडी यांनी उसळतं. म्हणून बरं वाटल्यावरही औषधी शाम्पू आठवड्या-पंधरवड्यातून एकदा चालू ठेवायचा. हे तिने पहिल्या खेपेलाही सांगितलं होतं, मीच ऐकून सोडून दिलं होतं. कुणाला चकत्या पडून केस जात असतील, पू किंवा दुखऱ्या गाठी असतील, तर दुखणं वेगळं असतं. त्यात माझ्या अनुभवावर जाऊ नका, डॉक्टरांना लगेच दाखवा.

घरात एक अवघड बोलणं राहिलं होतं. सासूबाईंना तेल बंद म्हणणं म्हणजे त्यांचा हात झिडकारणं. डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मीच वाढवलं की गं तुझं दुखणं." मी म्हटलं, "आई, तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? मलाही नव्हतं." आता शनिवारी दुपारी, न्हाण्याच्या दोन तास आधी, त्या पूर्वीसारख्याच वाटी घेऊन मागे बसतात. तेल फक्त कानाखालच्या केसांना लावतात, टोकांपर्यंत. मग कोरड्या हातांनी टाळू दाबून देतात आणि लेक शेजारी आडवी होऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवते.