पाइप ठिबकत नव्हता, तरी हवा आत येत होती

ट्रॅक्टर चालू झाला की पाचेक मिनिटं नीट चालायचा आणि मग कुणी हात न लावता रेस वर-खाली व्हायला लागायची. आवाज चढायचा, बसायचा, पुन्हा चढायचा. लोड टाकला तर कधी कधी दम सोडून बंदच पडायचा. सकाळी स्टार्टर फिरवून फिरवून बॅटरी उतरायची वेळ यायची.

मिस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "गव्हर्नर बिघडलाय. डिझेल पंप उतरवावा लागेल." गव्हर्नर म्हणजे रेस स्थिर ठेवण्यासाठी डिझेल कमी-जास्त करणारा भाग. तो बिघडला तरी रेस अशीच झुलते, म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. पण एक गोष्ट माझ्या मनाला पटेना. गव्हर्नर बिघडला असेल तर सकाळी स्टार्टिंगला एवढा त्रास का? रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या पाइपातलं डिझेल मागे टाकीत उतरत असेल, तर असं होतं. आणि डिझेल मागे उतरायचं तर त्याच्या जागी कुठून तरी हवा शिरायलाच हवी. मी मिस्त्रींना म्हटलं, "दोन दिवस थांबा, पंप उघडू नका."

डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपात बुडबुडा गेला की त्या फेरीला इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला डिझेल कमी पोचतं आणि इंजिन मंदावतं. गव्हर्नर लगेच डिझेल वाढवतो. तेवढ्यात बुडबुडा निघून जातो, सलग डिझेल येतं, रेस उसळते आणि गव्हर्नर पुन्हा ते कमी करतो. म्हणजे मला ऐकू येत होती ती गव्हर्नरची धडपड. तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

आधी टाकीचं झाकण काढून इंजिन चालवलं. झाकणाचं भोक बुजलं तरी टाकीत ओढ तयार होऊन डिझेल तुटतं. फरक पडला नाही. मग फिल्टर बदलले, एअर काढली. वीस मिनिटं ट्रॅक्टर सुरेख चालला आणि पुन्हा तेच. मला ती वीस मिनिटं फार मोलाची वाटली. काढलेली हवा परत आली, म्हणजे ती कुठून तरी सतत येत होती.

पाइपावर कुठेच ओल नव्हती, आणि इथेच बहुतेक जण फसतात. टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या फीड पंपाच्या पुढच्या भागात दाब असतो, तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आमची टाकी खाली, पायदानाजवळ आहे, त्यामुळे तो सगळा भाग ओढीवरच चालतो.

मग टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडवला आणि डिझेल भरलेल्या कॅनमधून नवा पाइप थेट जोडला. कॅन मुद्दाम जमिनीवर ठेवला. उंच टांगला असता तर डिझेल स्वतःच्या वजनाने उतरलं असतं आणि फीड पंपाच्या तोंडाशी फट असती तरी ती लपली असती. एअर काढून अर्धा तास इंजिन चालवलं. रेस जागची हलली नाही. फीड पंप, डिझेल पंप, गव्हर्नर सगळे निर्दोष! मला इतकं हायसं वाटलं की मी ताबडतोब मिस्त्रींना फोन लावला.

आता शोधायची जागा फक्त टाकी ते फीड पंप. पुन्हा मूळ पाइप जोडला आणि फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी घातली. बुडबुड्यांची माळच दिसली. तीच नळी पाणी-गाळ अडवणाऱ्या काचेच्या वाटीच्या आधी, टाकीच्या बाजूला लावली. बुडबुडे तिथेही होते, पण बरेच कमी. म्हणजे गळती दोन ठिकाणी. नळी सरकवून पाहिली नसती, तर एक फट बुजवून मी खूश झालो असतो आणि रेस झुलतच राहिली असती.

पहिली फट टाकीच्या तोंडाशी, रबरी पाइपावरच्या क्लिपखाली निघाली. क्लिप काढून पाइप वाकवला तेव्हाच ती केसाएवढी चीर दिसली. क्लिप वाजवीपेक्षा जास्त आवळली की ती रबर कापते. दुसरी जागा वाटीची. जुनं सील कडक होऊन खाचेत चिकटलेलं आणि त्याच्यावरच कुणीतरी नवं बसवलेलं. खाच साफ केली, एकच सील घातलं. हात लागलाच होता म्हणून तांब्याचे वॉशरही नवे टाकले.

शेवटी पुन्हा एअर काढली: फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल यायला लागलं की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग डिझेल पंपावर तेच. नोझलच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारताना मात्र हात आणि तोंड लांब ठेवा. तिथला दाब एवढा असतो की डिझेलची बारीक धार कातडीच्या आत घुसते.

टाकी भरलेली असली की ओढ कमी लागते, म्हणून खरी परीक्षा पाव टाकीवर घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच लागलं. नळीत एकही बुडबुडा नव्हता. तासाभराने ती नळी काढून तिथे डिझेलचा चांगला पाइप बसवला, कारण साधी पारदर्शक नळी डिझेलमध्ये कडक होते आणि मग तीच हवा घ्यायला लागते.