सोलापुरात घरावर ३ किलोवॅट सोलर: माझा अनुभव

पॅनेल कोणत्या कंपनीचं घ्यावं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी बिलावरचं नाव बघा. महावितरणच्या बिलावर, आधारवर आणि बँक खात्यावर नाव एकच हवं. आमचं मीटर वडिलांच्या नावावर होतं, म्हणून आधी नावबदल करून घेतला आणि मगच केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी केली. सबसिडी पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. ५ किलोवॅट बसवलं तरी तेवढीच. सबसिडीसाठी डीसीआर पॅनेल, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलंच लागतं. पॅनेल स्ट्रक्चरवर चढण्याआधी प्रत्येकाच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा.

किती किलोवॅट, हे वर्षभराच्या युनिटांवरून ठरवायचं, उन्हाळ्यातल्या एका बिलावरून नव्हे. इकडे १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरायला हरकत नाही. ५४० वॅटची ६ पॅनेल घेतली की ३.२४ किलोवॅट होतात, महिन्याला ३९०च्या आसपास युनिट मिळतात.

खरी गंमत सावलीची. सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि टाकीची सावली टाकीखालीच राहते. तेव्हा सर्व्हेला आलेला माणूस म्हणणारच, ‘सावली कुठंय?’ डिसेंबरात सकाळी ९ वाजता तीच सावली उंचीच्या दुप्पट लांब पडते. दीड मीटर उंचीची टाकी तीन मीटरवरचं पॅनेल झाकते. सहाही पॅनेल एकाच सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेली असल्यानं एका कोपऱ्यातल्या सावलीचा फटका तेवढ्यापुरता राहीलच असं नाही. टाकी, जिन्याची खोली, शेजाऱ्याचा नारळ, सगळं डिसेंबरच्या हिशेबानं मोजा. तोंड दक्षिणेला, कल १५ ते १८ अंश.

स्लॅबला भोकं पाडून अँकर मारले की वॉटरप्रूफिंग गेलंच म्हणून समजा. आम्ही काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत स्ट्रक्चरचे पाय बसवले. पेठेतल्या जुन्या माळवदावर मात्र वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. मातीत अँकर धरत नाही आणि वळवाचं वादळ पॅनेल खालून उचलतं. तिथं भिंतीवरून भिंतीवर लोखंडी गर्डर टाकूनच स्ट्रक्चर उभं करावं लागतं.

अर्थिंगवर लक्ष ठेवा. डीसीचं (पॅनेलच्या बाजूचं), एसीचं (घराच्या विजेच्या बाजूचं) आणि वीजरोधकाचं अशी तीन वेगळी हवीत. आपल्याकडे थोडं खणलं की मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो. मग ‘तिन्ही एकाच खड्ड्यात जोडू, काही होत नाही’ हे ऐकायला मिळतं. आम्हालाही मिळालं. वीज पडली तर ती इन्व्हर्टरमधून (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) वाट काढेल, हे सांगितल्यावर ड्रिलिंगचं मशीन आलं. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आतलं रीडिंग बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

लाईट गेली की साधा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टरही बंद पडतो, भर उन्हात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोयच आहे. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि खर्च बराच वाढतो. दुपारी इन्व्हर्टर ‘ओव्हर व्होल्टेज’ दाखवून वारंवार थांबत असेल तर आधी मीटरपर्यंतची एसी केबल बघा. बारीक आणि लांब केबल हे नेहमीचं कारण.

एप्रिल-मेत ऊन कडक, पण दुपारी पॅनेल ६५ अंशांवर तापतं. २५ च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के तिथंच गेले. त्यामुळे निरभ्र मार्चमध्ये दुपारचा आकडा मेपेक्षा चांगला दिसला तर दचकू नका. धूळ मात्र धुवावीच लागते, आणि नळाला रोज पाणी नसल्यानं सगळे बोअरकडे वळतात. त्या क्षारांचा पांढरा थर काचेवर बसला की घासूनही निघत नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, सकाळी काच थंड असताना, मऊ ब्रशनं. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

नेट मीटर बसल्यावर पहिल्या बिलातले इंपोर्ट (लाईनवरून घेतलेले युनिट) आणि एक्स्पोर्ट (लाईनला दिलेले युनिट) हे दोन्ही आकडे मीटरशी ताडून बघा. एक्स्पोर्ट शून्य दिसला तर लगेच तक्रार करा. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.