एएस × एएस : एक चौकट, तीन गुणोत्तरं

आनुवंशिकतेतली १:२:१ आणि ३:१ ही गुणोत्तरं बहुतेकांना पाठ असतात. कुठलं जीनोटाइपचं (आत कोणती जनुकं आहेत) आणि कुठलं फीनोटाइपचं (बाहेर काय दिसतं), हे मात्र ऐन पेपरात उलटं होतं, कारण ती दोन वेगळी सूत्रं समजून घोकलेली असतात. मुळात मोजणी एकच आहे. जीनोटाइपचं गुणोत्तर म्हणजे ती मोजणी. फीनोटाइपचं गुणोत्तर म्हणजे तिचे ढीग आपण कसे लावले ते. ढीग वेगळे लावले की गुणोत्तर वेगळं येतं.

मेंडेलच्या नेहमीच्या वाटाण्यापेक्षा हे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात जास्त स्वच्छ दिसतं. गडचिरोली, नंदुरबारकडे ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द वर्गाबाहेरही ऐकू येतात. ए म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनचं जनुक, एस म्हणजे सिकलचं. एएस असलेली व्यक्ती वाहक, एसएस असलेली रुग्ण.

आई-वडील दोघेही एएस आहेत असं धरू. चौकट (पनेट चौकट: दोन कडांना आई-वडिलांची युग्मकं, घरांत मुलांच्या जोड्या) लगेच आखू नका, आधी युग्मकं, म्हणजे बीजांड आणि शुक्राणू, लिहा. जोडीतलं एकच जनुक एका युग्मकात जातं, म्हणजे आईकडून ए किंवा एस, वडिलांकडूनही ए किंवा एस. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: चौकटीच्या कडेला ‘एएस’ अशी अख्खी जोडी लिहिली जाते आणि मग घरात चार-चार जनुकं जमतात. घरात दोनापेक्षा जास्त जनुकं दिसली (एका गुणाचा संकर असताना) की कडेच्या युग्मकांकडे परत जा.

चार घरं भरली: एए, एएस, एएस, एसएस. मधल्या दोघांपैकी एकात एस आईकडून आलं, एकात वडिलांकडून. मोजताना ते एकच, म्हणून १:२:१. त्यांना वेगळं धरलं तर १:१:१:१ असं भलतंच काही हाती लागतं.

आता ढीग लावू. निकष आजाराचा घेतला तर एए आणि एएस एका बाजूला, एसएस दुसऱ्या बाजूला: ३:१. निकष सोल्युबिलिटी टेस्ट या रक्तचाचणीचा घेतला तर नळीत एस असलं की द्रावण गढूळ होतं, मग ते एएसचं असो वा एसएसचं. गढूळ तीन, स्वच्छ एक. पुन्हा ३:१, पण एएसने ढीग बदलला! हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) केलं तर ए आणि एसचे पट्टे वेगवेगळे दिसतात, तिन्ही प्रकार सुटे होतात आणि फीनोटाइपही १:२:१ येतो.

म्हणजे एस हे जनुक पहिल्या निकषाने अप्रभावी (जोडीला ए असलं की झाकलं जाणारं), दुसऱ्याने प्रभावी (एकटंही दिसणारं), तिसऱ्याने सहप्रभावी (ए सोबत दोन्ही दिसणारं). जनुक तेच, आपण पाहतोय ते वेगळं. म्हणून ‘प्रभावी’ हे विशेषण जनुकाला कायमचं चिकटवणं मला पटत नाही. कोणत्या निकषाने, हे सोबत लिहायलाच हवं. (सोल्युबिलिटी टेस्ट सहा महिन्यांखालच्या बाळाला करू नये. तेव्हा रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं आणि एस असूनही द्रावण स्वच्छ दिसू शकतं.)

याच चौकटीवर दोन प्रश्न हमखास चुकतात. पहिला: ‘चार मुलं झाली तर एक आजारी असणारच ना?’ नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने २५ टक्के. चारही मुलं आजारमुक्त असण्याची शक्यता (३/४) चा चौथा घात, म्हणजे सुमारे ३२ टक्के. नेमकं एकच मूल आजारी असण्याची सुमारे ४२ टक्के. दुसरा: आजार नसलेलं मूल वाहक असण्याची शक्यता किती? १/२ नव्हे, २/३. एसएसचं घर आता खेळातून बाहेर गेलं, उरलेल्या तिघांतले दोन एएस.

हाच २/३ आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने वाटाण्यात प्रत्यक्ष मोजला होता. दुसऱ्या पिढीत त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. मोठी संख्या लहानीने भागली की २.९६:१. पण त्या गोलांत शुद्ध किती, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून त्याने गोल दाण्यांपासून वाढलेल्या ५६५ झाडांची पुढची पिढी पाहिली: १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे. जवळपास १:२. तीनच्या पोटात लपलेले एक आणि दोन असे बाहेर आले.

उंचीसारख्या गुणासाठी दाणे पेरून रोपं वाढू द्यावी लागतात, तिथे त्याने प्रत्येक झाडाचे दहा दाणे पेरले. यात एक फट राहते. संकरित झाडाचीही दहाच्या दहा रोपं उंच निघण्याची शक्यता (३/४) चा दहावा घात, सुमारे ५.६ टक्के, असं झाड चुकून ‘शुद्ध’मध्ये मोजलं जातं. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये यावरच बोट ठेवलं. ही चूक एक टक्क्याखाली आणायला स्वपरागणाची १७ रोपं लागतात. त्याऐवजी बुटक्या झाडाशी परीक्षा संकर केला तर सातच पुरतात, कारण तिथे प्रत्येक रोप उंच निघण्याची शक्यता निम्मी असते आणि १/२ चा सातवा घात ०.८ टक्के होतो. एकही बुटकं रोप दिसलं की ते झाड संकरित, विषय संपला.

दोन गुणांसाठी सोळा घरं आखायची गरजच नाही. (३:१) ला (३:१) ने गुणलं की ९:३:३:१. (१:२:१) ला (१:२:१) ने गुणलं की नऊ जीनोटाइप. अट एवढीच की दोन्ही जनुकं स्वतंत्रपणे वाटली जावीत. एकाच गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ असली तर हा गुणाकार लागू पडत नाही. मेंडेलचे ५५६ दाणे घ्या: ३१५, १०८, १०१, ३२. अपेक्षित ३१२.७५, १०४.२५, १०४.२५, ३४.७५. काय-वर्ग (मोजलेले आणि अपेक्षित आकडे किती जुळतात ते सांगणारी संख्या) सुमारे ०.४७, मर्यादा ७.८१५ (मुक्तता संख्या ३, पातळी ५ टक्के). जुळतं. काय-वर्गात टक्केवारी घालू नका, मोजलेले आकडेच घाला. ५५६ च्या जागी १०० बसले की उत्तराला अर्थ राहत नाही.

आणि कधी २:१ आलं तर? पिवळ्या उंदरांत तसं येतं. दोन पिवळ्यांच्या संकरात फलन होताना १:२:१ च असतं, पण पिवळ्या रंगाच्या ॲलीलची (जनुकाच्या त्या रूपाची) जोडी ज्यांना मिळते ते जन्माआधीच मरतात. आपण मोजतो फक्त जन्मलेले. त्यामुळे अशा उंदरांत शुद्ध पिवळं वाण कधीच तयार होत नाही: बिनपिवळ्याशी संकर केलेला कुठलाही पिवळा उंदीर १:१ च देतो.